‘झ’मधलं डिंकाचं कार्ड

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. अकोटच्या एका वाचनालयातल्या सूचीपेटीचा. मेळघाटच्या सागाचा. छप्पन साली घडलो. पोटात नऊशे कार्डे, एकेका कार्डावर एकेका पुस्तकाचा पत्ता: विषय, नाव, कपाट, फळी. ग्रंथपाल चिंतामणपंतांचे अक्षर मोत्यासारखे. अमरावतीचे पाहुणे मला ओढून बघत आणि “वा!” म्हणत.

पंतांचा नियम एकच. वाचकाने आपले कार्ड आपण शोधावे.

एका पावसाळ्यात सुभद्राबाई आल्या. चौथी शिकलेल्या, संत्र्याची चाळीस झाडे राखणाऱ्या.

“पंत, माहे झाडं रडून राहिले. खोडातून डिंक गयते. पुस्तक हाय काय त्याचं?”

“आहे की. खणात पाहा.”

“तुमीच दाखवा ना एखांद्या बारी.”

“आज दाखवलं, तर उद्याही मीच लागेन, बाई.”

त्यांनी ‘झ’ चाळला, ‘ड’ चाळला, ‘स’ चाळला. पुस्तक ‘ल’मध्ये होते: ‘लिंबूवर्गीय फळझाडे : रोग’. माझ्याच पोटात, चार बोटे पलीकडे. मला सांगता येईना. दोन पावसाळे त्या येत राहिल्या, चाळताना गुणगुणत राहिल्या:

माह्या संत्र्याच्या झाडाले, आसू आले खोडोखोडी
तुह्या मनातली गोठ, सांग मले थोडी थोडी

मग एकदा नुसत्याच उभ्या राहिल्या. “एकतीस गेले, पंत.”

पंत उठले. कार्ड काढले, पुस्तक काढले, पान त्रेचाळीस उघडले. खोड खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावावा. एवढेच होते. बाईंनी वाचले. रडल्या नाहीत. मीही आतून बधिर झालो. तेव्हापासून फारसे वाटतच नाही.

“संत्र्याले लिंबू काहून म्हनता तुमी?”

पंतांनी कोरे कार्ड आणि टाक पुढे सरकवला. “तुम्ही म्हणता ते लिहा.”

डिंकाळल्या बोटांनी बाईंनी लिहिले: ‘झाड रडते. पाहा : लिंबूवर्गीय फळझाडे, पान ४३.’ आणि उरलेल्या नऊ झाडांसाठी पुस्तक घेऊन गेल्या.

त्यानंतर पंत दर माणसाला विचारत, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” पुढच्या वर्षी तेल्हाऱ्याचे शेषराव आले, त्यांचीही झाडे रडत होती. त्यांनी ‘झ’ उघडला आणि बसायच्या आत उठले. “सापडलं ना जी!”

आता पंत नाहीत. माझ्यात कार्डांवरच सुतळी आणि खडू ठेवतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणासाठी वाटेवर पाटी लिहाल, तेव्हा आधी वाट चुकलेल्याला विचारा. आणि मला जाळायला काढलेत, तर ‘झ’ एकदा चाळा. ते कार्ड अजून बोटाला चिकटते.