दाबून धरलेलं बटण

मी मारेगावच्या बसस्टँडमागच्या ऑनलाइन सेवा केंद्रातला माऊस बोलतोय. काळा, तारवाला, पोटाखाली लाल दिवा असलेला. एरवी माझ्या तोंडून 'टक्' याच्यापलीकडे शब्द निघत नाही. पण आज दुकानात गर्दी नाही, म्हणून म्हटलं एकदाचं सांगून टाकावं. नाहीतर सगळं श्रेय त्या रंगीत दिवेवाल्याला जायचं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पन्नास भावंडांबरोबर एका खोक्यात होतो एवढं आठवतं. यवतमाळच्या दुकानातून अक्षयनं मला उचललं, प्रिंटरच्या पिशवीत टाकलं आणि इथं आणलं. अक्षय या केंद्राचा मालक. शेजारी मिळाले दोघे: एक बडबड्या कीबोर्ड आणि दुसरं अंगठे तपासायचं यंत्र. हे यंत्र स्वभावानं फार किरकिरं. शेतात राबून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या गेल्यात, त्यांना ते दहा-दहा वेळा अंगठा पुसून ठेवायला लावतं.

मला मात्र माणूस हातावरून कळतो. अक्षयचा हात म्हणजे दणादण. एका क्लिकनं भागतं तिथं हा तीन मारणार. पुढे, पुढे, सादर करा, झालं, चला दुसरा कोण! त्याची धाकटी बहीण दिपाली खुर्चीवर बसली की माझ्या जिवात जीव यायचा. कॉलेज सुटलं की दुपारी काउंटर तिच्याकडे असे. तिचा हात हलका, जरासा गार आणि अतिशय सावध.

हा सावधपणा काही उपजत नव्हता. दोन वर्षांपूर्वी तांड्यावरचे रामधनकाका पीकविम्याचा अर्ज भरायला आले होते. दिपालीनं त्यांच्या शेताचा गट नंबर एकशे एक्केचाळीसच्या जागी एकशे चौदा टाकला आणि 'सादर करा' दाबून मोकळी झाली. तेही माझ्याच डाव्या बटणानं. काकांचं सोयाबीन कागदावर भलत्याच माणसाच्या वावरात जाऊन उभं राहिलं. ते निस्तरायला काकांनी तहसीलच्या सहा चकरा मारल्या, पण दिपालीला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलल्यामुळे ते तिच्या मनाला फार लागलं.

तेव्हापासून तिचा एक नेम ठरला. बाण 'सादर करा'वर न्यायचा, माझं बटण दाबायचं, पण सोडायचं नाही. तसंच दाबून धरून पडद्यावरचा आकडा न् आकडा तीनदा वाचायचा. मग काउंटरपलीकडच्या माणसाला विचारायचं, "काका, बरोबर हाय ना?" पलीकडून होकाराचं 'हाव' आलं की मगच बोट उचलायचं. बोट उचललं की अर्ज जातो, तोवर जात नाही. या नेमानं कितीजणांच्या चुका वाचल्या ते मी स्वतः पाहिलंय. लोक अक्षय रिकामा बसलेला असला तरी दिपालीची वाट बघत बाकावर बसून राहू लागले.

आता मुद्द्याचं. दिपाली ऑनलाइन बुद्धिबळ खेळते, आणि चांगलं म्हणजे खरोखरच चांगलं खेळते. पंधरा मिनिटांच्या डावात तिचं रेटिंग बावीसशेच्या वर. नकाशात शोधावे लागतील अशा देशांतले खेळाडू तिनं या मारेगावच्या खुर्चीत बसून हरवलेत. पण तीन मिनिटांचा डाव लागला की याच पोरीची अशी दैना व्हायची की मला बघवत नसे. डाव जिंकत आलेला, समोरच्याचा नुसता राजा पळतोय, आणि हिच्या घड्याळात शून्य. हार.

बरं, विद्यापीठाच्या संघाची निवड व्हायची ती नेमकी तीन मिनिटांच्या डावांवर. संघ चौघांचा. दिपाली दोन वर्षं पाचवी आली. दोन्ही वेळा चौथ्या जागेवर यवतमाळची सुरभी बसली. हे दिपालीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

ती का हरते ते मला कळलं होतं. मला माणसाचं तोंड असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ती घोडा उचलायची, हव्या त्या घरावर न्यायची आणि बटण दाबून धरायची. मग तीनदा बघायची. आपण कुठून निघालो, कुठं चाललो, समोरचा काय करेल. ओठातल्या ओठात पुटपुटायची, "बरोबर हाय ना?" आणि मग सोडायची. प्रत्येक खेळीला दोन सेकंद. चाळीस खेळ्यांचे ऐंशी सेकंद झाले की नाही? एकशे ऐंशीतले ऐंशी तिनं माझ्या पाठीवर बोट ठेवून घालवलेले असत. गट नंबर चुकू नये म्हणून लावलेली सवय आता प्रत्येक प्याद्याचा अर्ज तपासत होती.

पण हरणाऱ्याला आधी हत्यार दिसतं. एका संध्याकाळी तिनं मला बाजूला ढकललं. "दादा, हा माऊसच अटकते. याच्यानंच हारून राह्यली मी."

अक्षयनं चार दिवसांत नवा आणला. बिनतारी, बारा रंगांचे दिवे, अंगावर ड्रॅगन. मी गेलो खणात, कुणी न्यायला न आलेल्या पासपोर्ट फोटोंच्या सोबतीला. वाईट वाटलं. पाच वर्षं ज्या हाताखाली घालवली त्या हातानंच नाव ठेवलं म्हटल्यावर वाटणारच. खणाच्या फटीतून मी मोजत होतो. ड्रॅगनवाल्यावर ती अकरा डाव हरली. शेवटी एका बाईंच्या रेशनकार्डाच्या ऐन मध्यात त्याचे सेल संपले आणि मला बाहेर काढण्यात आलं. मी हसलो नाही, पण लाल दिवा जरा जास्तच उजळला असावा.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी दिपालीची आई दुकानात आली. मैनाबाई. घरचं वावर आहे, कापसाची वेचणी चालू होती, हात त्या दिवसांत असतात तसे ओरखडलेले. डबा ठेवला आणि लेकीच्या मागं स्टुलावर बसली. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नाही. पडदा सोडून ती माझ्याकडेच बघत होती, म्हणजे लेकीच्या हाताकडे.

दोन डाव झाले. दोन्ही ती वेळ संपून हरली.

"तुहा हात काहून थांबते व?" मैनाबाईनं विचारलं.

"विचार करून राह्यली ना, आई."

"मंग थ्या समोरच्याची पाळी असते तवा काय करतं तू?"

दिपालीनं मागं वळून पाहिलं. समोरच्याची पाळी असली की ती नुसती वाट बघत असे, काउंटरपलीकडच्या 'हाव'ची बघावी तशी.

"आमी कापूस वेचतो तवा हात ह्या बोंडात असते अन् डोया पुढच्या बोंडावर," मैनाबाई म्हणाली. "हातातलंच बोंड पाह्यत बसलं तं आपल्या वाट्याची पात कवा संपन? हात टाकायच्या आधी पाह्यचं. एकदा टाकला का मंग पाह्यचं नाई."

"आई, थे बोंड हाय. हा वजीर हाय. चुकला तं गेला."

"चुकू दे. एखादं बोंड राह्यते माह्याकडूनबी. पुढची बाई वेचून घेते. म्हून का म्या त्याच्यापाशी उभी राहू?"

त्या रविवारी दिपाली वावरात गेली. मला कुणी सांगितलं नाही, पण सोमवारी तिची बोटं माझ्यावर आली ती खरखरीत, नखांपाशी सुक्या बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली. मला तो स्पर्श आवडला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं उंट उचलला तो थेट ठेवला.

लगेच सगळं सुधारलं असं मात्र समजू नका. पहिले दहा दिवस तर तिनं वजीर फुकट वाटले. समोरचे लोक दुवा देत असतील. रेटिंग शंभरानं उतरलं आणि एकदा तिनं मला इतक्या जोरानं आपटलं की माझ्या डाव्या बटणात कायमची कळ राहिली. पण मग तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर तीन गोष्टी लिहून पडद्याला चिकटवल्या. विचार समोरच्याच्या घड्याळात. हात लावण्याआधी एकदाच बघायचं. लागोपाठ दोन हरले की उठायचं. ही तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. दोन हरल्यावर तिची बोटं माझ्यावर नुसती शिवशिवायची. ती उठून कुलूप लावायची आणि घरी जायची. रोज दहाच डाव, आणि सकाळी त्यातल्या एकाची तपासणी, कुठल्या खेळीला किती सेकंद गेले याची. सुरुवातीच्या खेळ्याही तिनं ठरवूनच टाकल्या, रोज नवं काही करून बघायचा सोस सोडला. महिन्याभरात तिच्या घड्याळात डाव संपताना पाऊण मिनिट उरायला लागलं.

निवडीचा रविवार उजाडला. चौथ्या जागेसाठी सुरभीशी ऑनलाइन दहा डाव, जी पुढे जाईल ती संघात. अक्षयनं दुकान बंद ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि स्वतः पाठमोरा उभा राहिला, कारण त्याला बघवत नव्हतं. मैनाबाई स्टुलावर. सुरभी विजेसारखी खेळते, तिला उगाच नावं ठेवायची नाहीत. नऊ डाव झाले तेव्हा दोघी साडेचार-साडेचार अशा बरोबरीत होत्या.

दहावा डाव मला आजही खेळीगणिक आठवतो. शेवटी दोघींकडे एकेक हत्ती आणि दोन-दोन प्यादी उरली. दिपालीकडे पाच सेकंद, सुरभीकडे चार. तिचा हात माझ्यावर पळत होता, वेचणीतल्या हातासारखा, थांबत नव्हता. आणि तेव्हा माझ्या बटणानं दगा दिला. तिनं हत्तीवर दाबलं आणि मी बोललोच नाही. टक् झालंच नाही. पाच वर्षांत मी असा गप्प कधी बसलो नव्हतो, आणि बसलो तो नेमका तेव्हा.

पूर्वीची दिपाली तिथंच थिजली असती. या दिपालीनं मला शिवी दिली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा दाबलं, हत्ती ठेवला, पुढची खेळी, त्याच्या पुढची. सुरभीच्या घड्याळात शून्य आलं तेव्हा दिपालीकडे एक सेकंदाचे चार दशांश उरले होते. मी गमावलेला तो क्षण तिनं महिनाभर साठवून ठेवलेल्यातून भरून काढला.

"झालं का व?" मैनाबाईनं विचारलं.

"झालं, आई," दिपाली म्हणाली आणि माझ्यावरचा हात न काढताच रडली. तिच्या हातावरून पाणी माझ्या पाठीवर आलं. मला कुणी कधी इतकं जवळ धरलं नव्हतं.

गावात बातमी फिरली. संघ निघायच्या आदल्या दिवशी रामधनकाका अर्ज घेऊन आले आणि दिपालीसाठीच बाकावर बसून राहिले. तिनं सगळं भरलं, बाण 'सादर करा'वर नेला आणि माझं दुखरं बटण दाबून धरलं. एकदा वाचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा गट नंबर मोठ्यानं वाचला. "एकशे एक्केचाळीस. काका, बरोबर हाय ना?"

काकांना हसू आलं. "लोक म्हणते, तू लय फास्ट झाली बेटा. मंग इथं काहून थांबून राह्यली?"

"तिथं समोर घड्याळ असते, काका," दिपाली म्हणाली. "इथं समोर तुमी बसले ना."

काका काउंटरवरून पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "हाव. बरोबर हाय." तिनं बोट उचललं. अर्ज गेला. माझ्या डाव्या बटणाची ती शेवटची टक्.

आता दिपाली संघाबरोबर परगावी आहे. पिशवीत ड्रॅगनवाला गेलाय, नव्या सेलांसकट. माझा त्याच्यावर राग नाही, त्याला चांगला हात मिळालाय. अक्षयनं संगणकात काहीतरी बदललं आणि माझं काम उजव्या बटणाकडे दिलं, तेवढ्यावर मी काउंटरवर टिकून आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. हरलात तर माऊस बदलण्याआधी आपला हात कुठं थांबतो ते बघा. आणि कुणाचा अर्ज भरत असाल तर खुशाल थांबा, त्यासाठी माझी पाठ कधी दुखली नाही.

आज सकाळी अक्षयनं एका आजींचा अर्ज भरला आणि सवयीनं दणकन बटण दाबलं. पण बोट उचललं नाही. मी वाट बघितली. त्यानं घसा साफ केला, पडद्याकडे बघितलं, मग आजींकडे, आणि जरा लाजत विचारलं, "आजी, बरोबर हाय ना?"