तीनशे दिवसांचा केक

आयसीयूच्या भिंतीवरच्या पाटीवर बर्नडीनने त्या सकाळी ३०० हा आकडा लिहिला आणि केकचा पहिला तुकडा आर्लीनच्या हातात दिला. तीनशे दिवसांत एकाही पेशंटच्या रक्तात औषधासाठी मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवाटे जंतू शिरला नव्हता. केकवरचं निळं आयसिंग इतकं गोड होतं की दात शिवशिवले, पण आर्लीनने तुकडा संपवला. तिच्या मते तो तिने कमावला होता.

आर्लीन शूमेकर म्हणजे या हॉस्पिटलात संसर्गावर नजर ठेवणारी नर्स. तिचा नवरा वॉल्ट दुसऱ्या एका हॉस्पिटलात अशाच नळीच्या संसर्गाने गेला होता, आणि त्याचं वय झालं होतं यापलीकडे तेव्हा तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती तडक राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला गेली आणि आमदारांसमोर बोलली, की हे आकडे सरकारला कळवले पाहिजेत, पेपरात आले पाहिजेत. बोलता बोलता ती अडखळली तेव्हा शेजारी बसून हात धरला तो बर्नडीनने. कायदा झाला. मग दोघींनी आयसीयूला वळण लावलं. नळी घालताना डॉक्टर हात न धुता पुढे सरकला, की नर्सने त्याला तिथेच थांबवायचं. मोठमोठे सर्जन लाल व्हायचे, पण मुकाट्याने बेसिनकडे वळायचे. बर्नडीन पुढे तिथली मुख्य नर्स झाली. अलीकडे दर तीन महिन्यांनी ती सरकारला शून्य भरलेला कागद पाठवी आणि आर्लीन खाली सही करी.

केकचा एक तुकडा घेऊन आर्लीन खाली लॅबमध्ये मायलोकडे गेली. मायलोला जीभ आवरायची सवय नव्हती.

"तुमच्या आयसीयूत ताप यायचा बंद झालाय का?" तो केक खात म्हणाला. "रक्त तपासायच्या बाटल्या वरून येतच नाहीत. वर्षभर माझं मशीन माश्या मारतंय."

आर्लीन हसली खरी, पण लगेच जिना चढली. वर येऊन तिने तापाचे तक्ते काढले. ताप होते, हुडहुडी होती, औषधंही चालू होती. बाटली मात्र एकाचीही गेली नव्हती. कायदा बाटलीत वाढलेला जंतू मोजतो. बाटलीच नाही तर जंतू नाही, आणि जंतू नाही तर शून्य. सात नंबरच्या खाटेवर क्लेटन योडर दोन दिवस तापाने फणफणत होते आणि नळी अजून मानेतच होती.

तिने बर्नडीनला औषधांच्या खोलीत गाठलं. बर्नडीनने आढेवेढे घेतले नाहीत.

"एकदा आपला आकडा पेपरात आला, आठवतं? माझ्या पोरी रडत घरी गेल्या. वरून आदेश नव्हता गं, मीच सांगितलं. ताप आला की औषध द्या, बाटली पाठवू नका. औषध तर देतोच ना आपण?"

"कसलं औषध? जंतू कोणता तेच माहीत नाही तुला."

"तुझ्याच कायद्याने ही वेळ आणली, आर्लीन."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू सही केली नसतीस."

हात धरणारीने केसाने गळा कापला होता, आणि तोही आर्लीनच्याच सहीने. आर्लीनला रडू आलं नाही, नुसता संताप आला. तिने दोन बाटल्या घेतल्या, योडरांचं रक्त स्वतः काढलं आणि डॉक्टरांना उभं करून नळी काढायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलोचा फोन आला. दोन्ही बाटल्यांत जंतू वाढले होते, आणि चालू असलेलं औषध त्यांना लागूच पडत नव्हतं.

औषध बदललं, पण डॉक्टरांनी भरवसा दिला नाही. आर्लीनने पाटीवरचा दिवसांचा आकडा पुसून शून्य लिहिलं. बर्नडीन बघत उभी होती. आधी सरकारला कळवणार का, एवढंच तिने विचारलं. आर्लीन आधी सात नंबरकडे गेली. वॉल्टच्या वेळी आपल्याला जे कोणी सांगितलं नव्हतं, ते सांगायला.

योडरबाई नवऱ्याचा हात चोळत बसल्या होत्या. आर्लीन खुर्ची ओढून समोर बसली.

"लिओनाबाई, हा ताप त्यांनी घरून आणलेला नाही. आमच्या नळीतून आलाय. आणि आम्ही दोन दिवस तपासलाही नाही."

योडरबाईंनी पर्स उघडून पेपराचं एक कात्रण काढलं. हॉस्पिटलांच्या संसर्गाच्या आकड्यांच्या यादीत या हॉस्पिटलाच्या नावाभोवती पेनाने गोल केला होता.

"जवळचं सोडून चाळीस मैल लांब आणलं मी यांना," त्या म्हणाल्या. "इथे शून्य होतं म्हणून. पेपरवाल्यांना कोणी सांगितलं होतं शून्य?"

दाराशी बर्नडीन येऊन उभी राहिली होती. आर्लीनने तिच्याकडे पाहिलं नाही.

"सही माझी आहे," ती म्हणाली.