वहिनी धावतात, ताई सांगतात

शर्यतीत नाव घालायची कल्पना नणंदेची. वहिनींची त्याबद्दल तक्रार होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. "आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. संध्याकाळपर्यंत मोकळ्या," असं ताईंनी सांगितलं होतं, जणू बाजारात जाऊन दोन कामं उरकून यायची होती. वहिनींची बेकरी होती. भट्टीसमोर जन्म काढलेल्या बाईला ऊन काय करणार, हे ताईंचं म्हणणं. दोघींनी वर्षभर सराव केला, आणि शर्यत तोंडावर आली असताना ताई जिन्यावरून घसरल्या. मनगट मोडलं, हात गळ्यात आला. तोंड मात्र शाबूत राहिलं.

"आता दोघींच्या वाटणीचं तूच कर," ताई म्हणाल्या. वहिनींचा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, मान डोलावून मोकळा झाला. बहिणीपुढे त्याने आजवर दुसरं काही केलेलं नव्हतं.

तळ्याचं पाणी भांडी विसळून उरलेल्या पाण्यासारखं कोमट होतं. सुरुवातीलाच कुणाची तरी टाच वहिनींच्या पोहायच्या चष्म्यावर बसली आणि डाव्या काचेत पाणी शिरलं. एका डोळ्याने किनारा शोधत त्या कशाबशा बाहेर आल्या, तर कठड्यापलीकडून ताईंचा आवाज आला, "मान फार वर काढत होतीस."

सायकलवर तर प्रत्येक वळणावर ताई. भावाच्या स्कूटरवर मागे बसून त्या आडवाटेने पुढे जात, झाड बघून उभ्या राहत आणि वहिनी दिसल्या की सुरू. कोपर आत घे. पाणी पी. आत्ताच एवढं पिऊ नको. डांबर मऊ झालं होतं, समोरून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येत होता आणि सीट अशी रुतत होती की वहिनींनी ती बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. प्यायची बाटली एका खड्ड्यात उडाली ती उडालीच. "बाटली पडली बघ तुझी," पुढच्या वळणावर ताईंनी कळवलं.

पळायचा रस्ता गोदामांच्या भिंतींना धरून होता. तिथेच पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या. सावलीचं नाव नाही. पाण्याच्या टेबलावर बर्फ संपलेला. "येतोय, वाटेत आहे," तिथला माणूस म्हणाला. वहिनींनी गरम पाणीच डोक्यावर ओतलं. ते मोज्यांत उतरलं आणि पुढच्या फेरीत दोन्ही तळव्यांना फोड आले. एका बंद टायरच्या दुकानाची पायरी दिसली तशी त्यांनी सरळ बसकण मारली.

स्कूटर आलीच.

"बसलीस? बसू नको, पाय आखडतील."

"आखडू देत."

"अगं, आता थोडंच तर राहिलं."

"ताई," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य ओठांपर्यंत येऊन कितीदा तरी परत फिरलं होतं. नवऱ्याला एकाएकी स्कूटरचा आरसा पुसावासा वाटला. ताई खरंच गप्प बसल्या. पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. बऱ्याच वेळाने, जरा घुश्शातच म्हणाल्या, "गप्प बसलं की मला रडू येतं. वर्षभर मीपण घाम गाळलाय."

वहिनींना हसू नाही आलं, दयाही नाही आली. आधी चीडच आली. आता या बाईवर धड रागवायचीही सोय राहिली नाही. त्या भिंतीला धरून उठल्या.

"चला. पण बोलायचं नाही."

"नाही बोलत. पलीकडच्या फुटपाथने येते. तिकडून चालायला मनाई नाही."

शेवटची फेरी दोघींनी तशीच काढली. इकडे वहिनी अर्धं पळत, अर्धं लंगडत. तिकडे ताई चपला फटफटवत, हात गळ्यात, ओठ घट्ट मिटलेले. मध्ये एकदा त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते जांभईवर निभावलं. बर्फ एकदाचा आला होता. वहिनींनी टोपीत मूठभर भरला आणि वाकडी वाट करून रस्ता ओलांडून ताईंच्या चांगल्या हातावर आणखी मूठभर ठेवला.

शेवटच्या रेषेपाशी घड्याळवाला वेळ नोंदवणारी चटई गुंडाळत होता.

"बाई, वेळ संपली."

"कळलं. बाजूला व्हा."

अर्धी गुंडाळलेली चटई ओलांडून त्या पलीकडे गेल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. नवरा खाली बसून न सांगता त्यांच्या बुटांच्या गाठी सोडू लागला. गाठी भिजून आवळल्या होत्या, त्याने दातही लावून पाहिले. तोवर ताई घड्याळवाल्यापर्यंत पोहोचल्या होत्या. घड्याळ कुणी लावलं, बर्फ कुठे होता, चटई कुणाला विचारून उचलली, त्या एकेक विचारत होत्या आणि तो बिचारा "अहो ताई, अहो ताई" करत मागे सरकत होता.

"बोलावू का तिला?" नवऱ्याने विचारलं.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. टोपीतला उरलासुरला बर्फ त्यांनी मानेवर दाबून धरला. "होऊ दे त्यांचं."

एक बूट निघाला. दुसरा निघायला वेळ लागणार होता.