झोत थंड झाला तेव्हा

हेमांगीने पेजेचा चमचा फुंकून वडिलांच्या ओठांपाशी नेला, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या ॲनीने हाक मारली.

"हेमा, धावत ये गं! जर्मनीचा फोन!"

सांडोर गावच्या त्या आळीत फोन तेवढा ॲनीकडेच होता. हेमांगी वाटी ठेवून धावली.

परतली तेव्हा पेज निवली होती. वडील बळीराम खाटेवर तसेच बसून होते. त्यांचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन कालच झालं होतं आणि त्यावर जाड पट्टी होती.

"कोनाचा फोन?"

"कामाचा. पेज गरम करून आणते."

"बस आधी. आवाज का असा?"

ती बसली. तिकडे जर्मनीत, तिच्या प्रयोगशाळेत, एका मोठ्या गोल नळीत विद्युतभार असलेल्या अणूंचा झोत फिरत असतो, तिने सांगितलं. कुणी पुढे, कुणी मागे, नुसती रेटारेटी. त्यावर नेमक्या रंगाचा लेझर सोडला, की उतावळे आवरतात, रेंगाळणारे सावरतात, सगळे एका चालीने धावू लागतात. झोत थंड होणं म्हणजे हेच. कितीतरी वर्षं ती याच्या मागे होती.

"काल झाला, बाबा."

"आनि तू इथं."

हेमांगी चादरीची चुणी सारखी करत राहिली.

"मला म्हनालीस, तिकडं सध्या काय काम नाय."

"पुन्हा होईल की. यंत्रावर आमची पाळी येईल परत."

"कधी?"

मागच्या केळीच्या बागेत पाण्याचा पंप धडधडत होता. बळीरामांनी चाचपत तिचा हात शोधला.

"म्हनजे तू पन नाय बघितलंस."

"नाही."

"मग सांग. काय दिसलं असतं?"

ती शब्द शोधू लागली, पण जमेना. शेवटी तिने त्यांचा तळवा आपल्या मांडीवर उलगडून घेतला. केळी लावून लावून घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर तिने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवलं.

"पडद्यावर आधी त्यांच्या वेगांची अशी रेघ. पसरट, टेकडीसारखी. मग लेझर लागला, की ती आत आत येते, आणि..."

तळव्याच्या मधोमध तिचं बोट क्षणभर थांबलं. मग तिथून सरळ वर, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेलं.

"अशी. सुईसारखी."

बळीरामांनी मूठ मिटली, थोडा वेळ तशीच धरली. मग हात पुन्हा उघडून तिच्यापुढे केला.

"हळू," ते म्हणाले. "परत काढ."