बांधीतलं नाव

(चिखलातून पाय उपसल्याचे आवाज. बांगड्या. लांब कुठेतरी ट्रॅक्टर.)

पहिली बाई : घे ना वो, घे ना! शेवटची बांधी आहे.

दुसरी बाई : घेऊ?

सगळ्या : घे!

दुसरी बाई : (ओरडून) तेजराम! अरे ओ तेजराम! झोपला त कवेलू हालते, उठवला त कंबर धरते!

(हशा. खूप वेळ हशा. कुणीतरी धपकन चिखलात बसल्याचा आवाज. ती संशोधक.)

*

करडी गावातल्या त्या बायांच्या गटाची ही रीत. वर्षभर नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. 'गोलूचा बाप', 'आमच्या घरचा माणूस', फार झालं तर नुसतं 'अवो'. पण भाताची रोवणी, म्हणजे लावणी, संपते त्या दिवशी, शेवटच्या बांधीत, म्हणजे शेताच्या शेवटच्या तुकड्यात, गुडघाभर चिखलात उभं राहून प्रत्येकीनं एकदा नवऱ्याचं नाव घ्यायचं. मोठ्यानं. आणि नावाला जोडून वर्षभर पोटात साठलेलं जे काही असेल ते, मग ती नवऱ्याच्या घोरण्यानं हलणारी कवेलू, घरावरची कौलं, का असेनात. मग हातपाय धुऊन घरी. बांधीतलं नाव बांधीत राहतं. तिथं पुरुषमाणूस नसतो, आणि घरी जाऊन कुणी सांगत नाही.

रेणू निमजेला मात्र बायांनी येऊ दिलं होतं. मॅडमला. रेकॉर्डिंगच्या मशिनीसकट.

*

मॅडम कोण, तर मोहाडीच्या कोष्ट्याची पोरगी. बाप भैय्यालाल मागावर बसूनच विचारायचा, "तुझा विषय तरी काय वो बाई?"

"बाया कशा बोलतात, अन् पेपरवाले, चॅनलवाले ते कसं दाखवतात."

"मंग घरी बस ना मायजवळ. त्याले कालेज कायले पाहिजे?"

मायजवळ ती बसलीच होती. त्यातूनच विषय निघाला होता. पुढे तुमसरच्या एका कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवू लागली. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि तोच जुना वर्ग. एवढी वर्षं तिनं स्थानिक बातम्या जमवल्या होत्या. त्यांत बाया असायच्या, पण नावाशिवाय: अमक्याची पत्नी, तमक्याची सून, एका इसमाची आई. आणि इकडे त्याच बाया त्या अमक्याचं नाव घेत नव्हत्या. ह्या दोन गप्पपणांवर तिचा प्रबंध उभा होता. त्याचं चौथं प्रकरण म्हणजे करडीची बांधी. मौखिक परीक्षा जानेवारीत होती. ती झाली की डॉक्टर, आणि डॉक्टर झालं की कायम नोकरीच्या मुलाखतीला निदान दारातून आत तरी घेतात.

ध्वनिमुद्रण करताना तिनं बायांना शब्द दिला होता, "हा आवाज मी बाहेर जाऊ देणार नाही."

*

शब्द मोडला तो वर्गात. डिसेंबरातला, जेवणानंतरचा तास. मागच्या बाकावर दोघं झोपलेले, मधल्या बाकांवर मोबाईल, आणि फळ्यावर 'भाषा व लिंगभाव'. रेणूला वाटलं, ह्यांना एकदा जागं करावं. तिनं लॅपटॉप उघडला आणि तेजरामला हाक मारू दिली.

वर्ग जागा झाला. असा जागा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

दुसऱ्या बाकावर गुंजन बसायची. हुशार पोरगी. 'आपली खबर' नावाचं पान चालवायची, हातात माईक घेऊन बाजार समितीत धानाचे भाव विचारायची. तिनं बाकाखाली फोन धरला होता. संध्याकाळपर्यंत झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी तीच धावत स्टाफरूमच्या दारात आली.

"मॅडम! आपलं संशोधन व्हायरल झालं!"

पडद्यावर वाघाचं चित्र, मागे ढोलकी, आणि लाल अक्षरं : *करडीची वाघीण! तेजरामच्या पत्नीने भर शेतात घेतले पतीचे नाव!*

तेजरामच्या पत्नीने. बाईचं नाव गाळू नये, दोन वर्षं हेच शिकवलं होतं गुंजनला. रेणूला क्षणभर तेवढंच टोचलं. मग बाकीचं सगळं एकदम अंगावर आलं.

"काढ. आत्ताच्या आत्ता काढ, गुंजन."

गुंजननं काढलं. पोरगी रडकुंडीला आली होती. पण तोवर ते भात-गिरण्यांच्या ग्रुपवर, एसटी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी वरातीच्या ग्रुपवर पोचलं होतं. वाघ काढता येतो. कानात बसलेली ढोलकी काढता येत नाही.

रेणूनं बेबीबाईला, तेजरामचं नाव घेणाऱ्या त्याच्या बायकोला, फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. शनिवारी तिकडूनच आला.

"मॅडम, तुमचं काम आहे. उद्या या. सगळे बसून राहिले." आणि कट.

*

"मी येऊ?" संजीवनं विचारलं. नवरा. तहसीलमध्ये कारकून, सरळ माणूस, स्वयंपाकातला त्याला फक्त चहा येतो.

"तू कायले? वकील म्हणून?"

"नाही, पण... सगळे बसून राहिले म्हणते."

"म्हणूनच एकटी जाते."

*

करडीच्या एसटीत, मांडीवरच्या कागदावर :

गृहीतक एक. तेजरामनं तिला घराबाहेर काढलं असेल.

गृहीतक दोन. हात उचलला असेल. (हे तिनं खोडलं. खोडल्यानं ते गेलं नाही.)

गृहीतक तीन. बाया आता माझ्याशी बोलणार नाहीत, परवानगी मागे घेतील. प्रकरण चार गेलं, म्हणजे प्रबंध गेला.

तिसरं गृहीतक सगळ्यांत आधी सुचलं होतं. ते तिनं तिसरं लिहिलं.

वैनगंगेचा पूल आला. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, नुसती खुटं. ज्या चिखलात ती बसली होती, तो आता टणक झाला असेल. उतरताना कंडक्टर दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "ए कवेलू, पाय घे बाजूले," आणि मागचे चार जण हसले. रेणू घाईनं उतरली.

*

तेजरामच्या अंगणात खरंच सगळे बसले होते. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मधे खाटेवर मनकर्णाबाई, गटातली सगळ्यांत म्हातारी. रोवणीत हिचाच हुकूम चालतो. तेजराम प्लास्टिकच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. बेबीबाई चुलीजवळ, पाठमोरी. कुणी हसत नव्हतं.

रेणू उभ्यानंच बोलायला लागली. रात्रभर घोकलेलं. "चूक माझी आहे. मी वर्गात ऐकवायला नको होतं. बेबीबाईंचा काहीच दोष..."

"पाणी घ्या पयले," मनकर्णाबाई म्हणाली.

तिनं पाणी घेतलं.

"आता बसा. अन् एक सांगा. बांधीतलं नाव बाहेर कोणी नेलं?"

"मी."

"झालं!" तेजराम खुर्चीतून उठलाच. "आयकलं? त्या स्वतः म्हणून राहिल्या! मंग जेवण मी कायले देऊ?"

बायांच्या बाजूनं एकच गलका उठला. रेणूला कळेना, जेवण कुठून आलं.

"तुमाले नाही सांगतलं का वो पुरी रीत?" मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "नसनच सांगतली. कामच नाही पडलं कधी. नाव जर का नवऱ्याच्या कानावर गेलं, त त्यानं साऱ्या बायांले कोंबड्याचं जेवण द्याचं. पण नेणारी आपल्यातलीच बाई असन, त जेवण तिच्या घरी. म्हणून कोणी नेत नाही. माह्या सासूच्या वक्तापासून कोंबडे वाचून राहिले."

"म्हणून आमी बसलो," नत्थू नावाचा तेजरामचा शेजारी म्हणाला. "मॅडम गटातली, का बाहेरची? एवढाच सवाल आहे."

रेणूनं हळूच चुलीकडे पाहिलं. बेबीबाईची पाठ हलत होती. रडत असावी म्हणून तिनं निरखून पाहिलं. बेबीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

रेणूनं उरलेलं पाणी एका दमात संपवलं.

*

मग खटला चालला. असा :

तेजराम : मॅडम त्या दिवशी बांधीत होत्या का नाही? होत्या. पऱ्हे लावले का नाही? लावले. मंग गटातल्याच.

एक बाई : लावले म्हणे! तिसऱ्या दिवशी सारे तरंगले. मीच जाऊन एकेक रोप परत रोवलं.

तेजराम : तरंगले त तरंगले. हात लागला ना?

दुसरी बाई : मंग बगळ्याचाबी पाय लागते. तो बी गटातला का?

नत्थू : बगळा मोबाईलवर टाकत नाही ना वो.

मनकर्णाबाई : चूप रे.

तेजराम : अन् बदनामी माझी! गिरणीत धान घेऊन गेलो त हमाल म्हणते, 'आला कवेलू.' साकोलीले साळ्याकडे गेलो, तिथं बी कवेलू! अन् बातमीच खोटी आहे. पाहा वर. कवेलू आहे का घरावर? टिना आहेत टिना! पयले नीट पाहाव, मंग टाकाव.

बेबीबाई : (पहिल्यांदाच तोंड उघडून) टिना त जास्तच वाजतात.

(हशा. पुरुषांच्या बाजूनंही.)

*

पंच दम घ्यायला थांबले. चहा फिरला. बेबीबाईनं रेणूला हातपंपाजवळ ओढलं.

"फोन काहून नाही उचलला, ताई? माझा जीव राहिला नव्हता."

"काय उचलू? उचलला असता त हासू फुटलं असतं. अन् तुमच्याशी बोलाची मनाई होती, निकाल लागेपर्यंत."

"भाऊ रागावले?"

"दोन दिवस नाही बोलला." बेबीबाईनं कपबश्या विसळल्या. "खरं सांगू? मी बी भेली होती. मंग मी रोटी वाढत होती, त तो मान खाली घालून म्हणते, 'आवाज मोठा आहे तुझा. साफ आयकू येते.' आता तो रोज कोणाला तरी फोनवर तेच वाजवून दाखवते. मलेच लाज येते."

रेणू विसळलेल्या कपबश्या पालथ्या घालू लागली.

"पण एका गोष्टीचा राग आहे, मॅडम."

"सांगा ना."

"बोलली मी, अन् नाव तेजरामचं. 'तेजरामच्या पत्नीने.' मले काय नाव नाही? साऱ्या तुमसरले तो मालूम झाला. तुमच्या पुस्तकात तरी टाकलं का माझं?"

"पुस्तकात..." रेणू घुटमळली. "पुस्तकात तुम्ही 'प्रतिसादक सात' आहात. कुणाला कळू नये म्हणून."

"सात?" बेबीबाईच्या हातातली बशी थांबली. "माह्या आधी सहा कोण आहेत?"

"तसं नाही, ते फक्त..."

"मनकर्णा माय एक असन त ठीक आहे. बाकीच्या पाच कोण? नाव टाका सरळ. बेबीबाई. आता कोणापासून लपवता? वाघीण त झालीच."

*

प्रबंधात एक सबंध पान होतं, 'संशोधकाचे स्थान'. मार्गदर्शकांनी ते फार वाखाणलं होतं. त्यात रेणूनं लिहिलं होतं की संशोधक ही समूहाबाहेरची व्यक्ती असून तिनं हे अंतर सातत्यानं राखलं आहे.

ती अंगणात परत आली तेव्हा मनकर्णाबाईनं खाटेवर हात आपटला.

"लय झालं. आता त्यांनाच विचारू. मॅडम, तुमीच सांगा. तुमी आतल्या का बाहेरच्या?"

बाया तिच्याकडे डोळे वटारून पाहत होत्या. एक तर ओठ हलवून सांगतच होती : बा-हे-र-ची. तेजराम हात जोडून बसला होता.

बाहेरची म्हटलं की सुटका होती. प्रबंधही तेच म्हणत होता.

"आतली," रेणू म्हणाली.

"अवो मॅडम!" सगळ्या एकदम ओरडल्या. "हाती आलेलं कोंबडं उडवलं ना वो!"

"तेजराम सुटला!" नत्थू नाचायला लागला, जणू त्याचंच काही वाचलं होतं.

"सुटला काय," मनकर्णाबाई म्हणाली. "कोंबडे इथलेच न्या, मॅडम, तुमच्या शहरातल्यांले चव नाही. रांधाव कोणी, त ज्याच्या घरी जेवण त्याच्या माणसानं. बाया चुलीजवळ जाणार नाहीत. सांगा घरी."

"आता?"

"आताच. आमच्या समोर."

रेणूनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. बिचारा हातात धरूनच बसला असावा.

"संजीव? हां, संजीव, मी ठीक आहे. नाही, कोणी काही नाही केलं. संजीव, ऐक तर. पुढच्या रविवारी करडीच्या सगळ्या बाया जेवायला येऊन राहिल्या. हो, आपल्या घरी. कोंबडा. तू करणार. संजीव? हॅलो, संजीव?"

अंगण हसून लोळत होतं. रेणूला वाटलं, संजीवच्या फजितीला हसतात. पण एकजण डोळे पुसत बोटांवर मोजत होती.

"नवऱ्याचं नाव कितीदा घेतलं वो! भाजीवाल्याले हाक मारल्यासारखं."

"चिखल नाही, पाणी नाही, बसल्या बसल्या घेते!"

रेणूही हसायला लागली. चार दिवसांचं हसू बाकी होतं, ते सगळं आलं. तेजरामनं आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ आणून ठेवली आणि पुसूनही दिली.

मनकर्णाबाई तिला सोडायला बसथांब्यापर्यंत आली. बस दिसायला लागल्यावर म्हणाली, "आता आतल्या झाल्या, त पुढच्या रोवणीले याच लागन. पऱ्हे नीट धराले शिकवीन मी."

"येईन, माय."

"अन् एक. त्याचं नाव असं रोज रोज घेऊ नका वो. सारं खर्चून टाकसान, त शेवटच्या बांधीत काय घ्याल?"

एसटीत कंडक्टर तोच होता. रेणूनं तिकीट घेतलं, गृहीतकांचा कागद काढला, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पूल ओलांडताना फोन वाजला. संजीव होता.

"अगं, एक विचारायचं राहिलं. कोंबड्यात हळद आधी घालतात का नंतर?"

ती उत्तर द्यायला गेली, आणि सवयीनं तोंडात आलेलं नाव तिनं दाताखाली धरलं.

"अवो," ती म्हणाली, "आधी."

 पलीकडून त्यानं काळजीनं विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?"