दुधातली नागीण

टीव्हीवरच्या मालिकेत एखादी बाई विष कालवायला लागली की माझी आई वैतागते. "हे विष देऊन राह्यली का हळदीकुंकू वाटून राह्यली?" म्हणते आणि उठून भाजी निवडायला जाते. तिला तसं म्हणायचा हक्क आहे. एके काळी वडशापासून मार्कंड्यापर्यंतच्या झाडीत, आमच्या नाटकवेड्या धानपट्ट्यात, तिच्याइतकं मन लावून दुधात विष कोणी कालवलं नव्हतं.

ती माझी सावत्र आई. नाव रंभा. माझ्या बापाशी लग्न होण्याआधी ती नाटक कंपनीत होती.

आमच्याकडे धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपटाला बैल पळतात, रात्री मांडवात नाटक. सगळं गाव तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, ब्लँकेटं पांघरून बसतं. पाहुण्यांनी घरं भरून जातात, पोरींची लग्नंही त्याच गर्दीत जमतात. माझ्या लहानपणी त्या दिवसांना तणसाचा आणि ताज्या भज्यांचा असा काही वास होता, की अजूनही कुठे कढई चढली की मी तिथे जाऊन बसते.

रंभाबाईचं गाजलेलं नाटक म्हणजे 'दुधातली नागीण'. अंधारं घर, भिंतीवर पहिल्या बायकोचा फोटो, आणि नवी आई त्याच्यासमोरून गेली की कंदील आपोआप विझायचा. शेवटच्या अंकात ती सावत्र लेकीसाठी दुधाचा पेला घेऊन यायची. पेल्यात बोट फिरवायची आणि मग हसायची. ते हसू ऐकून बाया आपापल्या लेकरांना पदराखाली ओढायच्या. माझी आई मी तीन वर्षांची असतानाच गेली होती, म्हणून मी आत्याच्या पदराखाली असायची, आणि तिथूनही मान बाहेर काढून बघायची. पुढचं सगळं पाठ होतं, तरी दर वेळी घाम फुटायचा. गावोगाव हट्ट करून मी ते नाटक पाहिलं. भिण्यात किती गोडी असते हे ज्याला कळलं नाही, त्याचं बालपण फुकट गेलं.

आणि मग माझ्या बापाने तिलाच घरी आणलं.

बाबा, म्हणजे वारलू, हंगामात कंपनीचा ट्रक चालवायचे. त्यांचं कुठे, कसं जमलं ते मला कोणी सांगितलं नाही. एवढंच कळलं, की तणसावर बसून भ्यायला मजा येते, चुलीपाशी बसून नाही येत. शाळेत मात्र माझा भाव एकदम वाढला. सोमारी नावाची माझी मैत्रीण रोज विचारायची, "रात्री हासते काय वं ते?" मी गंभीरपणे मान डोलवायची. खरं तर रंभाबाई रात्री घोरायची.

तिच्या हातचा भात मी खायची, कारण तो सगळ्यांना एकाच गंजातून, म्हणजे पातेल्यातून, मिळायचा. पण दूध एकटीसाठी वेगळ्या पेल्यात यायचं. त्याला मी तोंड लावलं नाही. ती संध्याकाळी पेला ठेवायची, त्यावर साय धरायची, आणि रात्री ती तो तसाच उचलून न्यायची. बाबा भडकायचे.

"राहू द्या जी," ती म्हणायची. "पोरीनं माह्यं काम मनावर घेतलं. याहून मोठं बक्षीस कोणतं?"

हसून म्हणायची, पण पेला धुताना तोंड भिंतीकडे करायची. मला ते दिसायचं, आणि तरी माझा हात पेल्याकडे जात नव्हता.

लग्नानंतर तिने तोंडाला रंग लावला नव्हता; कंपनीत नागिणीचं काम आता दुसरी बाई करायची. पुढच्या हंगामात आमच्याच गावाने 'दुधातली नागीण' ठरवलं आणि गावचं नाट्यमंडळ अडून बसलं, नागीण पाहिजे तर आपल्या गावचीच. तिने साफ नाही म्हटलं. तेव्हा मी आपणहून तिच्याशी पहिल्यांदा बोलले.

"करा ना बाई. त्या दुसरीचं भेवच नाई वाटत."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

नाटकाच्या दिवशी वेगळंच विघ्न आलं. लेकीचं काम करणाऱ्या पोरीला गोवर निघाला. कंपनीचे मालक दसरूभाऊ डोक्याला हात लावून बसले. सगळी भाषणं पाठ असलेली पोरगी गावात एकच होती, ती म्हणजे मी. दुपारी शाळेच्या पटांगणात दसरूभाऊंनी तालीम घेतली. "पेल्यात चुन्याचं पाणी राह्यते. ओठाजवळ न्यायचं, प्यायचं नाई, अन् धपकन पडायचं. समजलं?"

समजलं होतं. पडण्याचा सराव तर मी घरी वर्षभर केला होता.

शेवटच्या अंकापर्यंत सगळं ठीक झालं. कंदील विझला, बाया ओरडल्या. मग हिरवी साडी नेसलेली रंभाबाई पेला घेऊन माझ्यासमोर आली. पेल्यात बोट फिरवलं. आणि मी पाहिलं, तिचा हात थरथरत होता. मी त्या नाटकाची पक्की गिऱ्हाईक. तो हात कधीच थरथरला नव्हता. पेला हातात घेतला तर त्यावर साय तरंगत होती. चुन्याच्या पाण्यावर कुठली आलीय साय?

मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही. मी पेला तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन टाकला. साखर सढळ हाताने घातली होती. मी ओठांवरची साय चाटली आणि तशीच उभी राहिले. समोरच्या खड्ड्यात बसून नाटक वाचून दाखवणारा झिंगूभाऊ कासावीस झाला. "मर ना वं! मर!"

मी रंभाबाईकडे वळले. "आई, झिंगूभाऊ मर म्हणते. मरू काय?"

आता तिने हसायचं होतं, ते जगप्रसिद्ध हसू. ती मटकन खाली बसली आणि मला पोटाशी धरलं. "नको मरू," म्हणाली. हे नाटकात कुठेच नव्हतं.

अख्खा मांडव हसून लोळला, आणि पुढच्या रांगेतली माझी आत्या डोळ्यांना पदर लावून बसली. दसरूभाऊंनी पडदा पाडला. "पार पोतेरं केलं नाटकाचं," ते पुढे किती वर्षं म्हणत राहिले. त्या रात्रीनंतर झाडीत आईला कोणी घाबरलं नाही. कंपन्यांनी सोशिक आयांची कामं देऊ केली, ती तिने घेतली नाहीत. "रडक्या आया कोणीबी करते," म्हणायची.

यंदा शंकरपटाला मी माहेरी आले तेव्हा तिला विचारलं, चुन्याऐवजी दूध का घातलं होतंस?

"चुना ओठाले लागला असता तं फोड आले असते तुले."

"आणि हात काऊन थरथरला?"

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"नाटकातली पोरगी दूध पिते, हे साऱ्या गावाले माहीत होतं. माही पोरगी पीत नाई, हे फक्त आपल्या घराले माहीत होतं."