पाचवं बोट

येरच्या अंगणात कोंबड्यांची नुसती जत्रा असायची. तांबड्या, पांढऱ्या, चट्ट्यापट्ट्यांच्या, उघड्या मानेच्या. आणि झुंजीच्या वंशातली एक अशी भांडकुदळ, की शेजारचं मांजरसुद्धा कुंपणाकडे फिरकत नसे. डोंगरातल्या त्या गावात हमोंग जमातीच्या बाकीच्या घरांत पूर्वापार चालत आलेली जात होती, काळी आणि लहान चणीची. येरचा नवरा तुआ होता तोवर तिच्याकडेही तीच होती. तो गेला, अंगण खायला उठलं, आणि फोनसावानच्या बाजाराला गेली की येर काहीतरी नवं टोपलीत घालून आणू लागली. एकटीला तेवढाच विरंगुळा होता.

शेवटी आणला तो पांढरा कोंबडा. पिसं कापसासारखी मऊ, पायांवर झुबके, आणि दर पायाला चाराऐवजी पाच बोटं. येर बघताक्षणी भाळली. तिची थोरली जाऊ यूआ हिनं तेव्हाच बजावलं होतं, की जुन्या काळ्यांची एक जोडी तरी वेगळी डालून ठेव, कार्याला लागेल.

"आपल्यात पोरांची लग्नं जमवताना कुळं बघून जीव जातो, जाऊबाई," येर म्हणाली होती. "आता कोंबड्यांच्या सोयरिकी पण मीच बघू का?"

पाणवठ्यावरच्या बाया खो-खो हसल्या. यूआही हसली आणि विषय तिथेच राहिला. काही पावसाळे गेले. काळ्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, काही पाहुण्यांच्या पानात गेल्या, आणि अंगणातल्या झाडून सगळ्या पिल्लांच्या पायांवर पिसं आली, बोटं पाच झाली. येरला त्याचं कौतुकच वाटायचं.

अशात तिची मुलगी काओनू राजधानीहून, व्हिएंतियानहून घरी आली. ती तिथे कपडे शिवायच्या कारखान्यात होती. मैत्रिणीच्या मागे मोटरसायकलवर बसून जाताना पुलावर गाडी घसरली आणि दोघी खाली पाण्यात पडल्या. काओनू वाचली, मैत्रीण गेली. पोरीच्या अंगावर साधं खरचटलंही नव्हतं, पण ती जेवेना, दचकून उठे, हाक मारली तर बऱ्याच वेळानं मान वळवी. काय झालंय ते गावात कुणालाच सांगावं लागलं नाही. तिचा जीव तिथेच, त्या पुलापाशी राहिला होता. त्याला हाका घालून घरी आणायला हवं होतं.

हाका घालायचं काम यूआच्या नवऱ्याचं, न्यालूचं. येरचे हे थोरले दीर. उंबरठ्यापाशी अंडं, भात, उदबत्ती आणि कोंबडा-कोंबडीची जोडी ठेवून ते हाक घालत. मग जोडी मारून अख्खी उकळायची आणि तिचे पाय बघायचे. बोटं एका ओळीत मिटली असली तर जीव परत आला. फाकली असली तर नाही आला, मग माणसानं घरीच थांबायचं आणि नव्या जोडीनं पुन्हा हाक घालायची. जोडी मात्र घरच्याच अंगणातली आणि जुन्या चार बोटांच्या जातीची लागते, कारण भटकलेला जीव ओळखीच्या आरवण्याच्या रोखानं येतो, आणि पाचवं बोट असलं तर पाय वाचता येत नाहीत. काओनूनंही ठरवून टाकलं होतं. पाय चांगले आले तर कामावर परत जायचं, नाहीतर भाताच्या कापणीपर्यंत इथेच राहायचं.

येरनं अंगणभर फिरून पाहिलं. चार बोटांचं एकही पाखरू उरलं नव्हतं. न्यालूंना सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती, हे तिला त्या वेळीही कळत होतं. पण सांगायचं म्हणजे यूआसमोर सांगायचं, आणि पाणवठ्यावरचं ते हसणं आता आपल्यावर उलटणार. तिनं त्यातल्या त्यात काळपट दिसणारी जोडी निवडली आणि पाय दिसू नयेत म्हणून डालग्यात पेंढा भरून ती उंबरठ्यापाशी ठेवली.

न्यालूंनी हाक घातली. "काओनू, ये बाई. पुलावर थांबू नकोस, पाण्याशी बोलत बसू नकोस. इथे तुझं अंगण आहे, तुझी आई आहे, भात गरम आहे. ये." दाराबाहेर बघत बसलेल्या काओनूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती.

मारलेली जोडी घेऊन येर चुलीपाशी आली तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. पायांवरची पिसं तिनं उपटली. मग सुरी हातात घेऊन थांबली. पायाला सुरी लावायची नाही, नखसुद्धा खुडायचं नाही, हे हमोंग घरात लहान पोरींनाही ठाऊक असतं. उकळताना शिरा आखडतात आणि त्या आखडण्यातच जिवाचा निरोप असतो. एक शीर तोडली की बाकीची बोटं वाटेल तशी वळतात, मग तो निरोप कुणाचाच राहत नाही. येरनं चारही पायांची पाचवी बोटं कापली आणि विस्तवात टाकली.

न्यालूंची नजर अधू झाली होती. त्यांनी पाय दाराच्या उजेडात धरून उलटसुलट केले, अंगठा फिरवला. "हे काय लागतंय हाताला?"

"खुराड्याची तार लागली होती, भावजी."

त्यांनी मान डोलावली. असल्या बाबतीत कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. "सगळी बोटं ओळीत आहेत," ते म्हणाले. "पोरीचा जीव घरी आला."

आलेला जीव पुन्हा निसटू नये म्हणून सगळ्यांनी काओनूच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. ती हसली, आणि गवती चहा घातलेल्या रश्शाबरोबर वाटीभर भात जेवली. येरनं तिच्या वाटीत आणखी भात वाढला. आता काय बोलायचं होतं? पोर जेवत होती. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी काओनू कपडे धूत गुणगुणत होती, आणि त्यानंतर तर बसचीच वेळ झाली. बस सुटताना येरनं खिडकीचा गज धरला होता, आणि कंडक्टर ओरडल्यावर सोडला.

पुढे येरनं हळूहळू सगळ्या कोंबड्या विकल्या. पांढरा कोंबडाही दिला. यूआनं आपण होऊन जुन्या काळ्या जातीच्या दोन तलंगा आणि एक कोंबडा आणून अंगणात सोडला, कारण विचारलं नाही. तो चांगुलपणा येरला बोलण्यापेक्षा जास्त लागला. तिनं त्या काळ्यांना जीव लावला, पण काओनूला परत बोलावल्याशिवाय त्यांचा काही उपयोग नव्हता.

कापणीच्या दिवसांत एका दुपारी काओनूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, की अजून दचकायला होतं, शिवताना मध्येच हात थांबतो आणि किती वेळ थांबला ते कळत नाही.

येर चटकन म्हणाली, "मग घरी ये. पुन्हा एकदा हाक घालू."

"कशाला, आई? पाय किती चांगले आले होते. काकांनी सांगितलं ना, जीव आला म्हणून. आला असूनही असंच होतंय, म्हणजे मीच आता अशी झालेय. होईल सवय."

हीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि पोर उद्याची बस धरून आली असती. येरनं तोंड उघडलं. अंगणात यूआ बसली होती, भात पाखडत.

"वेळेवर जेवत जा," येर म्हणाली.